वरीलप्रमाणे

हाटकेश, गाळा नं. ९
रविवार, १९ एप्रिल २००९

प्रिया,

माहीत आहे, हे नाव तुला आवडत नाही. "पूर्ण म्हण, संघप्रिया," असं शंभरदा सांगितलंस. पण तू पूर्णच निघून गेलीस, तर अर्धं नाव तरी माझ्याकडे राहू दे.

मेल तू उघडत नाहीस. मोबाईल बदललास. तुझ्या गोव्याच्या ऑफिसात फोन केला तर ती ऑपरेटरबाई माझा आवाज ओळखून ठेवून देते. म्हणून पत्र. पोस्टमनवर तर तुझा राग नसेल.

ऑफिसच्या गाळ्यात तुझी खुर्ची आहे तिथंच आहे. कोणाला बसू देत नाही. परवा सरांचे पाहुणे बसायला लागले, मी म्हटलं, साहेब, पाय मोडलाय तिचा. मोडला नव्हता. ते गेल्यावर मी मोडला.

तुझा खाडीच्या नोंदींचा तक्ता पूर्ण झाला. अकरा ठिकाणी गेला. सर त्या पाहुण्यांना सांगत होते, "खाडी एकच, पण मिठागरवाला ती बोटांनी मोजतो, पंपघरवाला सेंटिमीटरनं. पक्षी बघणारा इंग्रजी तारीख घालतो, मिठाचा व्यापारी तिथी घालतो आणि त्याचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं. डासांवर काम करणाऱ्या डॉक्टरला यांचं वाचता येत नाही, यांना त्याचं. आता सगळं एका साच्यात, आठ रकान्यांत. कोणीही उघडावं, कोणालाही कळावं." मग म्हणाले, "ही आमच्या संघप्रियाची मेहनत." पाच हजार नोंदी टाईप कोणी केल्या ते कोणी विचारलं नाही. नाही विचारलं तेच बरं.

पेपरातही आलं. 'सहा वर्षांत खाडीचं पाणी उतरतंय.' तुझ्या बाबांनी ते कात्रण लॅमिनेट करून भिंतीला लावलंय. त्यांनी सिल्व्हर पार्कचं भाड्याचं घर सोडून बांधामागच्या चाळीत तळमजल्याची खोली घेतली, तुला कळलंच असेल. मी सामान उचलायला गेलो होतो. बोलावलं नव्हतं. कपाट मात्र मीच उचललं. काकू म्हणाल्या, "अरे हळू, पोरीची पुस्तकं हायेत त्यात." म्हणून तर एकट्यानं उचललं.

तिकडे तुझ्याबरोबर फील्डवर कोण कोण असतं? सहज विचारतोय.

तुझा (पुसून टाकलं तरी दिसतंय, राहू दे)
साईराज

•

सोमवार, ११ मे २००९

प्रिया,

उत्तर नाही. ठीक आहे.

परवा बुद्धपौर्णिमेला तुमच्या घरी खीर खाल्ली. काकांनी दारात बघितलं आणि "ये" म्हणाले नाहीत, "जा" पण म्हणाले नाहीत. मी ते "ये" धरलं. नवी खोली चांगली आहे, पण खिडकीतून फक्त बांध दिसतो. मातीची भिंत, त्यावर शेळ्या. पलीकडे खाडी आहे हे वासावरूनच कळतं. खोलीच्या छतापेक्षा बांध थोडाच खाली आहे. काका म्हणाले, "बघायलास काय? संघाच्या तक्त्यात पाणी उतरायलंय."

खीर खाऊन बांधावर गेलो, महिपतबाबाकडे. चाळीस वर्षं तो उघाडीवर, बांधातल्या पाण्याच्या दाराशी बसलाय, भरती आली की दार पाडायचं, ओहोटी लागली की उचलायचं. त्याच्या वह्या तूच मिळवल्या होत्यास, आठवतं? पौर्णिमेचं उधाण होतं. मी विचारलं,

"किती हाय बाबा?"

"पाच बोटां."

मी वाकून बघितलं. पाणी उघाडीच्या दगडाच्या, म्हणजे बांधाच्याच, माथ्याशी आलेलं. बसून पाय सोडले तर बुडतील एवढं.

"पाच कसं? इतकं वर आलंय की."

"मंग? पाच बोटां ऱ्हायली."

"म्हणजे तुम्ही वरून मोजता?"

"तं काय बुडी मारून खालून मोजू?" तो हसायला लागला. मग आपली चार बोटं दगडाच्या माथ्यापासून खाली आडवी टेकवली, त्याखाली आणखी एक. तिथं पाणी लागलं. "पानी कवरा आलाय ह्ये इचारून काय करशील? जागा कवरी ऱ्हायली त्ये इचार. मानूस पान्यानं न्हाय मरत रं, जागा संपते म्हनून मरतो."

"आधी किती राहायची?"

"तिकरं भराव टाकला त्याच्या आदी? नऊ. धा पन."

घरी येईपर्यंत मी ते डोक्यातून काढून टाकलं होतं. उन्हानं डोकं दुखत होतं.

एक विचारायचं होतं. महिपतच्या वहीच्या नोंदी कोणी केल्या होत्या गं? आणि सातवा रकाना, 'कुठून मोजलं', तो तू शेवटी तपासला होतास ना? नसशील तर काही नाही. सहज विचारतोय.

साईराज

•

गुरुवार, २५ जून २००९

प्रिया,

'सहज' हा शब्द मी फार वापरतो, हे मला आता दिसायला लागलंय.

अमावस्येच्या उधाणाला गेलो होतो. तीन बोटं. महिपतबाबानं आकडा वहीत टाकला. दार पाडलं आणि तंबाखू मळत बसला. 

बांध हातभर उंच करायचं काम निघणार होतं, ते रद्द झालं. त्या कामाचा इंजिनिअर आला होता, त्याला मी गाठलं. चांगला माणूस वाटला. बॅगेतून तुझा तक्ता काढला आणि पेन टेकवून मला दाखवलं. "हे बघ, दोन हजार तीनला उधाणाचं पाणी पंपघराच्या लाल खुणेच्या वर अठरा सेंटिमीटर. मग सोळा, बारा. आता सहा. पाणी उतरतंय. उतरत्या पाण्यासाठी बांध कोण वाढवतो?"

अठरा म्हणजे नऊ बोटं. सहा म्हणजे तीन.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं वाचलं ते तिथं लिहिलेलं होतं.

मी तसाच चाळीत गेलो. काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, काका, पावसाळाभर काकूंना घेऊन दुसरीकडे राहा. जुलैच्या अमावस्येला मोठं उधाण आहे, पेपरात पण आलंय, पाच मीटरच्या वर जाणार म्हणून.

"आन् हे काय हाय?" त्यांनी भिंतीवरचं कात्रण दाखवलं.

"ते चुकलंय, काका."

खरंच सांगतो, त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "का रे बाबा, तू माझ्या पोरीचं काम खोटं म्हणायलास? बारावीला ती पहिली आली तर कोणी पेढा खाल्ला नाही, म्हणले कॉपी केली आसंल. तवापासून मी आईकत आलोय. तू बी म्हण."

"तिचं नाही काका, टाईप करताना..."

"टाईप कोणी केलं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

संघप्रिया, मी म्हटलं, माहीत नाही.

महिपतची वही मीच टाईप केली होती. सातव्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' पडलंय, आणि वरची नोंद पंपघराची होती, 'लाल खुणेपासून वर'. कॉम्प्युटरनं आपोआप ओढलं असेल. तसं होतं कधी कधी.

फोन कर काकांना. मी सांगून ते उठणार नाहीत. तू सांगितलंस तरच.

साईराज

•

गुरुवार, ९ जुलै २००९

संघप्रिया,

पंचवीस तारखेचं पाकीट परत आलं. वर निळ्या शाईत 'घेण्यास नकार'. अक्षर तुझं नाही, पण शाई तुझ्या पेनाची वाटली. मी ते पाकीट फाडलं. मग जोडलं. मग पुन्हा फाडलं. असा मी आहे, तुला नवीन नाही.

परत आलं ते बरंच झालं. त्यात एक खोटं होतं.

कॉम्प्युटरनं काही ओढलं नाही. मी ओढलं.

डिसेंबरातली ती दुपार. महिपतच्या सहा वह्या माझ्या टेबलावर होत्या, आणि तू येऊन म्हणालीस, गोव्याचं पत्र आलंय, एक जानेवारीला हजर व्हायचंय. मी म्हटलं, मला न विचारता? तू म्हणालीस, "तुझ्या आईनं माझं आडनाव विचारलं तेव्हा तू पंख्याकडे बघत होतास. मी उत्तर दिलं, त्यानंतर ती गप्प झाली, तेव्हाही तू पंख्याकडेच बघत होतास. साईराज, तू उभा कुठं आहेस ते आधी सांग. प्रेम किती आहे ते मग सांग."

मी स्टूल लाथाडलं. तुझ्या पायाला लागलं. तू खाली वाकून पाय धरलास आणि मी सॉरी म्हणायच्या ऐवजी काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. तुला पाठ असेल.

तू गेल्यावर मी टाईप करायला बसलो. चारशे बारा नोंदी. प्रत्येक ओळीला तो सातवा रकाना यायचा, 'कुठून मोजलं', आणि मला तुझाच आवाज ऐकू यायचा. तू मला हा रकाना शिकवलास तो दिवस आठवतो? भाईंदरच्या बाजारात. "मासळीवाली शंभर म्हणाली तर वाटा की जोडी ते विचारतोस ना? मग आकडा बघितल्यावर का विचारत नाहीस? आकडा एकटा पाठवायचा नाही. कोणी, कशानं, कुठून, हे त्याच्याबरोबर जायलाच हवं. नाहीतर तो वाचणाऱ्याच्या मर्जीचा होतो."

मला ते विचारायला महिपतकडे जावं लागलं असतं. सायकलनं पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. पहिल्या ओळीत 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि खाली चारशे बारापर्यंत ओढलं. रागानं. तुझ्या रकान्याला लाथ मारल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

गंमत बघ. टी.वाय.ला मी खरी रीडिंग घेतली होती आणि मॅडम म्हणाल्या, ही कॉपी केलेली दिसतात, परत घे. मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकून कॉलेज सोडलं. खरी रीडिंग खोटी ठरवली म्हणून. आता माझी खोटी खरी ठरलीत, अकरा ठिकाणी.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "लिहून दे." दिलं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. "दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घेऊ, दिवाळीनंतर. आत्ता अकरा जणांना 'थांबा' म्हटलं तर पुढं कोणी आपला तक्ता उघडणार नाही. तिचंही नाव खराब होईल, कळतंय ना तुला?" तुझं नाव त्यांनी असं मध्ये ठेवलं की मला ओलांडता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न फेकता बाहेर आलो.

चाळीतही दारोदार सांगितलं. दोन घरं हलली. बाकीचे म्हणतात, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस हलत नाही, पोरीनं स्वतः पाणी मोजलंय, आम्ही कशाला हलू? तुझे बाबा आता सगळ्या चाळीचा सातवा रकाना झालेत. लोक त्यांच्याकडे बघून ठरवतात.

पौर्णिमेच्या उधाणाला अडीच बोटं.

आजच स्पीड पोस्टनं पाठवतोय. तुझा पाय बरा आहे का, हे मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

साईराज

•

पोस्टकार्ड
१६ जुलै २००९

संघप्रिया, नऊ तारखेचंही परत आलं. पाकीट न फोडता परत करता येतं, कार्ड हातात घेतलं की वाचलं जातं. तू नाही तर तुझी ऑपरेटरबाई वाचेल, पोस्टमन वाचेल. वाचू दे. ज्याच्या हातात पडेल त्यानं कृपया तिला वाचून दाखवावं.

महिपतच्या ४१२ नोंदींत 'कुठून मोजलं' हे मी, साईराजनं, न विचारता भरलं. ते 'लाल खुणेपासून वर' नाही, 'दगडाच्या माथ्यापासून खाली' आहे. पाणी उतरत नाही, चढतंय. तुझे आईबाबा बांधामागं तळमजल्यावर आहेत आणि तुझ्या तक्त्यावर विसंबून आहेत. २२ ला अमावस्या. २४ ला, शुक्रवारी, दुपारी दोनला सर्वात मोठी भरती. तू फील्डवरून २० ला येणार असं कळलं. त्यांना फोन कर. मला करू नकोस.

•

बांधावरून
शुक्रवार, २४ जुलै २००९
दुपारी १२.५०

संघप्रिया,

आपल्या नोंदीच्या छापील फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहितोय. पावसाची नुसती भुरभुर आहे, कागद शर्टाच्या आत धरावा लागतो.

परवा ग्रहण होतं. चाळीतली पोरं जुना एक्स-रे घेऊन गच्चीवर चढली, ढगात काही दिसलं नाही. दुपारी पाणी दोन बोटं राहिलं. काल दीड. आणि दोन्ही दिवस पाणी आलं आणि गेलं, म्हणून चाळ आज निवांत आहे. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मी इथून मोजतोय.

तुझे बाबा इथंच आहेत. सकाळी मी परत सांगायला गेलो तर म्हणाले, "चल, दोघं मिळून बघू. माझी पोर खरी का तू." आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलून बांधावर आणली. माझ्याकडे दिली नाही. आता माझ्यापासून चार हातांवर बसलेत, छत्री उघडून, मांडीवर ते लॅमिनेट केलेलं कात्रण. काकू घरी आहेत. जेवून लवंडल्या असतील.

मी त्यांना सांगितलं. एक तासापूर्वी. टाईप मी केलं, 'वरीलप्रमाणे' मी ओढलं, का ओढलं तेही. आडनावाचं, पंख्याचं, स्टुलाचं, सगळं. त्यांनी कात्रणावरचं पाणी बाहीनं पुसलं. मग म्हणाले, "हे तू माझ्या पोरीला वाचवायला खोटं बोलायलास, का स्वतःला?" मला आधी कळलंच नाही. त्यांना वाटतंय, चूक तुझी आहे आणि मी ती अंगावर घेतोय. आणि तसं असेल तर मग तुझी चूक मान्य करावी लागते. ती ते मान्य करणार नाहीत. जीव गेला तरी.

एवढं खरं मी कधी बोललो नव्हतो, आणि ते कामाला आलं नाही.

महिपतबाबानं दार पाडलंय. दाराच्या फटीतून पाणी शिट्टी वाजवल्यासारखं येतंय, असा आवाज मी याआधी ऐकलेला नाही. तो बांधाच्या उतरणीवर गेला, चाळीच्या बाजूला, आणि तिथली माती उचलून पिळली, तर बोटांतून पाणी गळलं. मग माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. कशी ते सांगता येणार नाही.

१.०५. काका म्हणाले, "किती?" मी म्हटलं, एक बोट. ते म्हणाले, "कुठून?"

पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी माझं बोट दगडाच्या माथ्याला लावून दाखवलं. त्यांनी खुर्चीतून वाकून बघितलं. मग त्या लॅमिनेट केलेल्या कात्रणाची घडी होत नव्हती तरी घालायला लागले.

१.१०. भरतीला अजून पन्नास मिनिटं आहेत.

त्यांचा मोबाईल वाजतोय. चष्मा घरी राहिलाय, हात लांब करून माझ्यापुढे धरलाय. "बघ रे, कोणाचा हाय?"

शून्य आठ तीन दोन. गोवा.

मी बटण दाबून त्यांच्या कानाला लावून दिला. तुझा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. सात महिन्यांनी. ते फक्त "हं" म्हणतायत. "हं, बाळा." आता उभे राहिले. "नाही, ती घरात हाय." छत्री हातातून सुटली, ती खाडीच्या बाजूला गेली. ते खुर्ची तिथंच टाकून उतरणीवरून धावतायत, साठी उलटलेला माणूस, आणि दोन्ही हात वर करून सगळ्या चाळीला ओरडतायत, "उठा रे, भाईर निघा, माझी पोर म्हणायलीय."

मीही निघतो. काकूंना उचलून आणावं लागेल, गुडघे धरलेत त्यांचे. हा कागद महिपतबाबाकडे देतोय, त्याची वही तो पिशवीत बांधून गळ्यात घालतो. आठही रकाने भरतोय. एकही वरीलप्रमाणे नाही.

ठिकाण: पेणकरपाड्यामागची उघाडी.
तारीख: २४ जुलै २००९, आषाढ अमावस्येनंतरचा दुसरा दिवस.
वेळ: दुपारी १.१४.
काय मोजलं: खाडीचं पाणी.
कोणी: साईराज.
कशानं: उजव्या हाताचं पहिलं बोट.
कुठून: वरून. दगडाच्या माथ्यापासून खाली. मी बांधाच्या चाळीकडच्या बाजूला उभा आहे.
किती: अर्धं.